भरलेली टाकी

दत्ताराम भावोजी गेले तेव्हा त्यांच्या टॅक्सीचे इंजिन चालू होते. दादर स्टेशनबाहेरच्या स्टँडवर दुपारच्या उन्हात गाडी रांगेत उभी, भावोजी डावा हात स्टिअरिंगवर ठेवून मागे टेकलेले, डोळे मिटलेले... आणि इंजिन धडधडत होते. एक गृहस्थ बायकोला आणि ट्रंकेला घेऊन आले. माहीमला येणार का, म्हणून त्यांनी दोनदा विचारले आणि उत्तर येईना तेव्हा ‘माजलेत लेकाचे’ असे म्हणत ते मागच्या गाडीत जाऊन बसले. बाकीच्या ड्रायव्हरांना काही वावगे वाटले नाही. दुसऱ्या कोणाची गाडी अशी उभ्या उभ्या पेट्रोल जाळत राहिली असती तर त्यांनी ओरडा केला असता. पण दत्तारामचे इंजिन कधी बंद नसते, हे स्टँडवर सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. रांग पुढे सरकली आणि ही गाडी सरकेना, तेव्हा भावोजींचे जुने सोबती, माझगावचे इस्माईलभाई, खिडकीशी गेले. त्यांनी खांद्याला हात लावला. मग आत हात घालून किल्ली फिरवली.

हे मला इस्माईलभाईंनीच सांगितले. फोर्टातल्या माझ्या कचेरीत ते स्वतः आले होते, टोपी हातात धरून, आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसायला तयार नव्हते. ते मूळचे रत्नागिरीकडचे, मराठी आमच्यासारखेच बोलतात. म्हणाले, “मनोहरराव, हात थंड लागला तरी पटत नव्हतं बघा. इंजिन बंद केलं, आवाज थांबला... तेव्हा कळलं, गेले.” डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे लिहून दिले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार हे आता ठरल्यातच जमा आहे, चाळीचाळींतून त्याच गप्पा चालू आहेत, आणि मला मात्र राहून राहून त्या चालू इंजिनाची आठवण येते. कारण ज्यांनी भावोजींना गेल्या चार वर्षांतच पाहिले त्यांना खरे वाटणार नाही, पण हा माणूस त्यापूर्वी सबंध लालबागेत पेट्रोल वाचवण्यासाठी प्रसिद्ध होता. प्रसिद्ध म्हणजे, लोक त्यांच्यावर हसत असत.

भावोजी माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. आम्ही गिरगावात राहतो. ताई लग्न होऊन लालबागच्या चाळीत गेली आणि वर्षभरात सासरची मालवणी बोलायला शिकली. लढाईच्या दिवसांत भावोजी एका कापडाच्या पेढीची मोटार चालवीत. तेव्हा पेट्रोल कुपनावर मिळे. कुपन संपले की मोटार उभी, आणि मोटार उभी राहिली की ड्रायव्हर घरी. काही लोकांनी गाडीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावून तिच्या धुरावर गाड्या चालवायला सुरुवात केली होती. त्या गाड्यांना भावोजी ‘न्हाणीतले बंब’ म्हणत. शेजारच्या पेढ्यांचे ड्रायव्हर महिना संपायच्या आत घरी बसले, भावोजींची गाडी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत रस्त्यावर असे. मालकाने चार लोकांत त्यांची पाठ थोपटली. माणसाची एखादी गोष्ट वाखाणली गेली की ती त्याच्या अंगात मुरते. लढाई संपली, कुपने गेली, भावोजींनी एक जुनी विलायती गाडी घेऊन तिची टॅक्सी केली, तरी ती काटकसर गेली नाही. उलट वाढत गेली.

ते अनवाणी गाडी चालवीत. चपलेच्या तळातून पेट्रोलचे पेडल किती दाबले जाते ते कळत नाही, अंगठ्याला कळते, असे त्यांचे म्हणणे. टायरांत हवा इतकी टिच्च भरलेली असे, की ट्रामचे रूळ ओलांडताना माणसाचे दात एकमेकांवर आपटावेत. क्वीन्स रोडवर समुद्राचा वारा समोरून आला की ते एखादी दुमजली बस गाठीत आणि तिच्या पाठीला चिकटून, तिच्या आडोशाने जात. बसच्या मागच्या पायरीवरचा कंडक्टर ओरडायचा, हे हसायचे. ब्रेक लावणे म्हणजे त्यांना अन्न उकिरड्यावर टाकल्यासारखे वाटे. लांबवर ट्राम थांबलेली दिसली की इकडे त्यांचा पाय पेडलवरून निघालेला असे. आणि उतार म्हटला की इंजिन बंद. भायखळ्याचा पूल, चिंचपोकळीचा पूल, दादरचा टिळक पूल, जिथे जिथे चढ संपून उतार लागे तिथे त्यांचा हात आपोआप किल्लीकडे जाई. गाडी मुकाट्याने खाली घरंगळत जाई आणि लोक दचकून बाजूला होत. हॉर्नला विजेचा खर्च नको म्हणून बाहेर रबरी भोंपू लावलेला होता, तो ते दाबत.

माझे लग्न झाल्यावर त्यांनी आम्हा नवराबायकोला गिरगावातून आपल्या गाडीने लालबागला जेवायला नेले होते. भायखळ्याच्या पुलावर चढून गाडी एकदम गप्प झाली आणि उताराला लागली, तेव्हा माझ्या बायकोने माझे मनगट घट्ट धरले. “अहो, गाडी बंद पडली!”

“पडली नाय, वयनी,” भावोजी पुढून म्हणाले, “केली. तुम्ही आपल्या बसा. हयसून खाली देव नेता.”

उतार संपला तेव्हा इंजिन पुन्हा सुरू व्हावे म्हणून मला उतरून गाडी ढकलावी लागली, कोटटोपीसकट. चाळीतल्या लोकांना याची सवय होती. सकाळी पहिल्या पाळीला निघालेले गिरणीवाले जाता जाता त्यांची गाडी ढकलून देत, कारण हँडल मारून किंवा बॅटरीवर इंजिन सुरू करणे भावोजींना जिवावर येई. एकजण नेहमी ओरडायचा, “दत्तारामची गाडी पेट्रोलवर नाय रे चालत, आमच्या खांद्यावर चालते!” आणि भावोजी खिडकीतून मान काढून म्हणायचे, “मगे? पेट्रोल म्हाग आसा. खांदे फुकट.”

गाडी घेतली तेव्हापासूनच तिच्यातला पेट्रोलचा काटा बिघडलेला होता. तो दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी आपल्या मुलाची, मधूची, शाळेतली लाकडी फूटपट्टी घेतली. टाकीचे झाकण उघडून पट्टी आत बुडवायची आणि ती कुठवर ओली झाली ते पाहायचे. पट्टीवर चाकूने एक खाच केलेली होती, तळापासून फार वर नव्हे. त्या खाचेपेक्षा जास्त पेट्रोल टाकीत कधी ठेवायचे नाही, हा नियम. पट्टी संध्याकाळी बापाकडे असे आणि सकाळी मधूच्या दप्तरात. भूमितीच्या तासाला मास्तरांनी ती नाकाशी नेऊन, “हे काय, तू रॉकेल पितोस का?” असे विचारले, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. मधूने घरी येऊन सांगितले, “बाबा, माझी पट्टी तुमच्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल पिते.” ते ऐकून भावोजी खूप हसले होते. बापलेकांचे तसे छान जमत असे. पुढे मधू परळच्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. इंजिनांतले त्याला बापापेक्षा जास्त कळू लागले आणि गाडी उताराला गप्प झाली की तो मागून हटकून विचारी, “बाबा, बंद केलीत?” उत्तर ठरलेले असे: “केलंय. तुका काय त्रास?”

टाकी जवळजवळ रिकामी ठेवण्यामागे भावोजींचे एक शास्त्र होते. भरलेली टाकी जड, जड गाडीला पेट्रोल जास्त लागते, म्हणून एका दिवसापुरतेच घ्यायचे. “पेट्रोलच पेट्रोल पिता,” ते म्हणत. मी विम्याच्या कचेरीत आकडे मांडणारा माणूस, मला हे ऐकवेना. एका रविवारी मी त्यांना हिशेब करून दाखवला. गॅलनभर पेट्रोलचे वजन सात-साडेसात पौंड. पाच गॅलन कमी भरले तर साधारण एक लहान मूल मांडीवरून उतरवल्याइतका फरक. तेवढ्याने गाडीला काय कळणार? भावोजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि ताईला म्हणाले, “तुझो भाव हुशार आसा. पण ह्येका मूल मांडयेर घेवन चढ चढूक सांग.” ताई हसली, मधू हसला, मीही हसलो. हिशेब तिथेच राहिला. तो बरोबर होता याचे समाधान पुढे मला कधी वाटले नाही.

चार वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत मी संक्रांतीचा तिळगूळ घेऊन जरा उशिरानेच ताईकडे गेलो होतो. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढणार हे जाहीर झाले आणि शहर पेटले. लालबाग, परळ, गिरगाव, सगळीकडे लाठ्या, अश्रुधूर, मग गोळ्या. संचारबंदी लागली आणि मी तिथेच अडकलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडा वेळ मोकळीक मिळाली, नाक्यावरचा पेट्रोल पंप अर्धवट उघडला, दारात गाड्यांची रांग लागली. भावोजी खाली उतरले, टाकीत पट्टी बुडवली, खाचेशी धरून पाहिली. ताई गॅलरीतून ओरडली, “भरून घ्या हो सगळी! उद्या काय होतला, कोणाक ठाऊक!”

भावोजी खालून म्हणाले, “उद्या गाडी खंय काढूची आसा? सगळा बंद. उभ्या गाडयेतला पेट्रोल उडान जाता गो. फुकट.”

खाचेच्याही बऱ्याच खाली पट्टी ओली झाली होती, ते मी त्यांच्या शेजारी उभा राहून पाहिले होते. त्यांनी पट्टी झटकली, झाकण लावले आणि ते वर आले. यात काही वेडेपणा होता असे मी आजही म्हणणार नाही. संचारबंदीत टॅक्सी चालत नाही. उभ्या गाडीत पेट्रोल भरून ठेवणे त्या माणसाच्या आयुष्यभराच्या रीतीत बसणारे नव्हते.

सकाळी दुधासाठी थोडी मोकळीक होती. मधू किटली घेऊन गेला. मोकळीक संपायला अवकाश असताना मोठ्या रस्त्याकडून आवाज आले, फटाक्यांसारखे, आणि काही वेळाने दोघे जण मधूला उचलून चाळीत घेऊन आले. गोळी मांडीत लागली होती. किटली कोणीतरी मागून आणत होते, ती रिकामी होती. भावोजी खाली धावले. आम्ही मधूला मागच्या बाकावर आडवा केला. मी त्याच्या मांडीवर पंचा दाबून धरून बसलो, शेजारचे विठोबा पुढे बसले आणि त्यांनी पांढरा टॉवेल खिडकीतून बाहेर धरला. ताई गाडीबरोबर चार पावले धावली आणि थांबली...

परळचे इस्पितळ तिथून लांब नाही. सरळ रस्त्याने गेलो असतो तर ही हकिकत मी लिहीत बसलो नसतो. पण रस्ता दगडांनी आणि पिंपांनी अडवलेला होता आणि पलीकडे बंदुका घेतलेले पोलीस होते. टॉवेल पाहूनही त्यांनी मागे फिरण्याची खूण केली. भावोजींनी गाडी वळवली. आता उलट दिशेने चिंचपोकळीला जायचे, पूल ओलांडून रुळांच्या पलीकडे, गिरण्यांच्या मागच्या रस्त्याने वर, आणि परळच्या पुलावरून पुन्हा अलीकडे. कितीतरी पट लांबचा वळसा. गाडी वळताना ते फक्त एवढे म्हणाले, “मनोहरा, पुरवूक होया.”

मग त्यांनी जे केले ते मी कधी विसरणार नाही. चिंचपोकळीच्या पुलावर चढताच इंजिन बंद केले आणि उतारावरची गाडी वळणांतून, दगडांतून, ब्रेकला पाय न लावता अशी लांब नेली, की मला वाटले आपण पोचणार. रस्ते ओस पडले होते. गिरण्यांच्या भिंतीलगत गाडी कधी चालू, कधी बंद, थेंब थेंब वाचवत पुढे जात होती. त्यांची सगळी विद्या त्या दिवशी पणाला लागली होती. मधू डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होता. माझे हात मनगटापर्यंत ओले झाले होते. आणि परळच्या पुलाच्या चढावर, अर्ध्यात, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले.

भावोजी आणि विठोबा उतरून गाडी ढकलू लागले. मला मांडीवरचा हात काढता येत नव्हता. चढावर ती गाडी दोघांना ऐकेना. एक हात पुढे जाई, एक वीत मागे येई. भावोजी एका खांद्याने दार रेटत होते, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरत होते. कुठून तरी तीन-चार माणसे धावत आली. ती कोण होती ते मला ठाऊक नाही, मी त्यांचे आभारही मानू शकलो नाही. माथा आला. भावोजी उडी मारून आत बसले आणि गाडी पलीकडच्या उताराला लागली.

चाकांचा तेवढा आवाज. त्या शांततेत मधूचे ओठ हलले. नेहमीच्याच आवाजात, फक्त फार बारीक, तो म्हणाला, “बाबा... बंद केलीत?”

भावोजींनी मागे पाहिले नाही. म्हणाले, “नाय रे बाबू. चालू आसा.”

इंजिनाशिवाय ती गाडी त्यांनी इस्पितळाच्या वळणापर्यंत आणली. पुढे आम्ही मधूला हातांवर नेले. आत माणसे जमिनीवरसुद्धा झोपवलेली होती, डॉक्टर धावत होते, कोणी कुचराई केली असे मी म्हणणार नाही. दुपार व्हायच्या आत मधू गेला. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, फार रक्त गेले होते. भावोजींनी त्यांना अडवले. “किती आदी आणूक होयो होतो?” डॉक्टर गोंधळले. ते म्हणाले, “असं सांगता येत नाही हो काका. कदाचित आधी आणूनसुद्धा...” मी पुष्कळदा तो हिशेब मांडून पाहिला आहे. वळसा तर चुकणार नव्हता, तो दगडांनी घातला होता. चढावर किती वेळ गेला, त्या वेळात किती रक्त गेले, मांडीतली ती शीर किती तुटली होती... जन्मात उत्तर न काढता मी सोडून दिलेले हे एकच गणित.

मधूला लोकांनी हुतात्मा म्हटले. चळवळीचे कार्यकर्ते हार घेऊन आले, मिरवणुकीसाठी फोटो मागू लागले. ताईने हार घेतला. भावोजी भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, “तो दूध आणूक गेल्लो.” कार्यकर्त्यांतले एक वयस्कर गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, “दत्तारामभाऊ, गोळी सरकारची होती. त्याचा जाब आपण मागणारच.” भावोजींनी मान हलवली. “गोळी त्यांची,” ते म्हणाले, “पण उशीर माझो.” फोटो त्यांनी दिला. मिरवणुकीला ते गेले नाहीत.

पुढचे काही आठवडे गाडी चाळीखाली झाकून उभी होती. मग एका सकाळी त्यांनी ती बाहेर काढली आणि टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी टाकी भरायची, थोडे जरी कमी झाले असले तरी. आणि इंजिन बंद करायचे नाही. उतारावर नाही, स्टँडवर नाही, चहा प्यायला उतरले तरी नाही. उन्हाळ्यात रेडिएटर उकळून वाफा येत, मग ते डब्यातले पाणी ओतत, पण किल्लीला हात लावीत नसत. पूर्वी त्यांना चिकटपणावरून चिडवणारे टॅक्सीवाले आता उधळेपणावरून बोलू लागले. “काय दत्ताराम, पेट्रोलची विहीर लागली काय?” इस्माईलभाईंनी एकदा सगळ्यांना दटावले, तेव्हापासून ते बोलणे बंद झाले.

चाळीत संध्याकाळी त्यांची गाडी येई ती धडधडतच. खाली इंजिन चालू ठेवून ते दोन जिने चढून वर येत आणि दारात उभे राहत. ताई तांदूळ निवडत असली तरी मान वर करून विचारी, “भरली काय?” ते म्हणत, “भरली.” मग ते पुन्हा खाली उतरून इंजिन बंद करीत, किल्ली काढीत आणि मगच हातपाय धुऊन पाटावर बसत. रोज. खालच्या खोल्यांतल्या लोकांनी धुराबद्दल पहिल्या-पहिल्यांदा तक्रार केली, पण कारण सगळ्यांना माहीत होते. त्या सकाळबद्दल नवराबायकोत एवढे एकच बोलणे होत असे, त्याच्या पुढे नाही आणि मागे नाही.

मला ते ऐकवत नसे. ताई त्यांना रोज टोचते आहे, असे मला वाटे. एकदा भावोजी खाली गेलेले पाहून मी तिला म्हटले, “ताई, पुरे कर आता. किती दिवस विचारणार आहेस?”

तिने सूप खाली ठेवले. “एकदा विचारायची थांबले होते मी,” ती म्हणाली. “मुद्दाम. दारात उभे राहिले, उभेच राहिले... खाली गाडी चालूच. शेवटी जेवले नाहीत, जाऊन गाडीत बसले. मी जाऊन विचारलं तेव्हा वर आले.” सूप पुन्हा उचलून ती म्हणाली, “त्यांना मी क्षमा केली की नाही, ते मलाच ठाऊक नाही रे. पण विचारते.”

मधूची पट्टी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. तिचे आता काम नव्हते. भरलेल्या टाकीला मोजायचे काय? शाळेत असताना मधूने शाईने लिहिलेले नाव तिच्यावर अजून वाचता येते. खाच तशीच आहे. पूर्वी तिला पेट्रोलचा उग्र वास यायचा, तो केव्हाच उडून गेला.

भावोजींचे दिवस झाल्यावर गाडीचे काय करायचे, हा प्रश्न आला. इस्माईलभाईंची गाडी मोडकळीला आली होती; ताईने ती त्यांनाच देऊन टाकायची ठरवली. गाडी न्यायला ते आले तेव्हा मी झाकण उघडून पाहिले. टाकी भरलेली होती. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी भावोजींनी भरली होती, त्यातले सकाळच्या भाड्यांत आणि स्टँडवर जे जळले तेवढेच कमी. इस्माईलभाई म्हणाले, “वहिनी, पेट्रोल काढून ठेवू का? तुमचं आहे.” ताईने मान हलवली. “ते गाडीतच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताईकडेच होतो. दिवेलागणीच्या सुमारास खाली ओळखीची धडधड ऐकू आली. ताईचा हात सुपात थांबला. भोंपू वाजला आणि इस्माईलभाईंचा आवाज आला, “वहिनी! भरली!” ते माझगावला राहतात, लालबाग त्यांच्या वाटेवर नाही. रोजच्या त्या प्रश्नाबद्दल भावोजीच त्यांच्याशी कधी बोलले असावेत. ताई उठली नाही. थोडा वेळ थांबून गाडी निघून गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही ते आले, असे मला शेजारच्या विठोबांनी सांगितले. आणि त्याच्याही पुढच्या. कोणी त्यांना यायला सांगितले नव्हते आणि कोणी ‘येऊ नका’ही म्हटले नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेलो होतो. गाडी आली, भोंपू वाजला. “वहिनी, भरली!” या वेळी ताई उठली. गॅलरीत जाऊन तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली पाहिले. मी तिच्या मागे उभा होतो. खाली गाडीच्या मागच्या नळीतून धूर निघत होता आणि इस्माईलभाई खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहत होते. ताई कठड्यावरून जरा वाकली. मग म्हणाली,

“इस्माईलभाई, इंजिन बंद करा. उगीच पेट्रोल जळतंय. वर या, चहा ठेवते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा हात आत गेला. धडधड थांबली आणि चाळीच्या चौकात एकदम शांत झाले, इतके की खालच्या नळाचे पाणी बादलीत पडताना ऐकू येऊ लागले. ताई कठडा धरून तशीच उभी राहिली. आम्ही दोघे ऐकत होतो. मग जिन्यावर इस्माईलभाईंची पावले वाजली, आणि ती चहाचे आधण ठेवायला आत गेली.